नवरात्रातला जिताडा: डार्विनजवळच्या बिलबाँगवर तीन दिवस

मासे खाण्यात माझा हात धरणारे कमी, पण मासे पकडण्यात मी पार कोरा. पेणजवळ आमचं गाव. घरामागे तळं आणि तळ्यात जिताडा. पावसाच्या सुरुवातीला खाडीतून बोटुकली आणून तळ्यात सोडायची, मग दोन-तीन वर्षं त्यांच्याकडे बघायचंही नाही. घरात लग्नकार्य निघालं किंवा कुणी मोठा पाहुणा येणार असला की बाबा पाग टाकायचे. डोकं कुणाच्या पानात वाढायचं ह्यावरून आमच्याकडे मानपान ठरत असे. माझ्या पानात ते आलं ते थेट दहावी पास झाल्यावर.

मेलबर्नला आल्यावर पहिल्याच वर्षी एका हॉटेलात 'बारामुंडी' म्हणून जे पुढे आलं ते तोंडात घालताच ओळखीचं वाटलं. घरी येऊन शोधलं तर शास्त्रीय नाव तेच निघालं, लेट्स कॅल्कॅरिफर. आमचा जिताडा, गोव्याचा चोणक, बंगाल्यांची भेटकी आणि ह्यांची बारामुंडी. इकडचं नाव क्वीन्सलंडमधल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं, त्याचा अर्थ मोठ्या खवल्यांचा मासा. तेव्हापासून मनात होतं की हा मासा त्याच्या पाण्यात जाऊन एकदा स्वतः काढायचा. 2025 च्या सप्टेंबरात ते झालं. जाण्याआधी मराठीत कुणी काही लिहिलंय का ते खूप शोधलं. इंग्रजीत ढिगाने आहे, पण लिहिणारे सगळे पाचव्या वर्षापासून वडिलांबरोबर होडीत बसलेले. आपल्यासारख्याला पडतात ते बावळट प्रश्न त्यांना पडतच नाहीत. म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

आम्ही चौघं. खरी नावं देत नाही, आमच्या ग्रुपवरची देतो. मालवणकडचा मित्र म्हणजे तांडेल, कारण बेत आखतो तो आणि ओरडतोही तोच. पुण्याचा एक जण खजिनदार, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीची एक्सेल शीट असते. आणि आमच्याहून बरेच मोठे, सोलापूरचे दादा. चौथा मी.

विषय निघाला फेब्रुवारीत, बायकांचं हळदीकुंकू चालू असताना आम्ही गॅरेजमध्ये बसलो होतो तेव्हा. तांडेलाचं म्हणणं ईस्टरला जाऊ. चार फोन केल्यावर कळलं की तेव्हा तिकडे, म्हणजे उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विनच्या बाजूला, पावसाळा नुकता ओसरत असतो. मासे उत्तम मिळतात, पण बरेच कच्चे रस्ते बंद असतात आणि मुक्कामाच्या जागा जाणकारांनी वर्षभर आधीच धरलेल्या असतात. जून-जुलैला हवा सुंदर, पण पाणी गार पडतं आणि हा मासा सुस्तावतो. आमच्यासारख्या नवख्यांना सप्टेंबर-ऑक्टोबर बरा, असं दोघा-तिघांनी सांगितलं. उकाडा वाढायला लागतो, पाणी तापतं आणि बिलबाँग आटून मासे एका जागी गोळा झालेले असतात. बिलबाँग म्हणजे नदीचा सुटलेला तुकडा. पावसाळ्यात नदीला जोडलेला, कोरड्या ऋतूत एकटा पडलेला लांबट डोह.

मग जागा. आधी नजर आर्नहेम लँडवर होती. तो मूळ रहिवाशांच्या मालकीचा प्रदेश आहे, तिथे जायला नॉर्दर्न लँड कौन्सिलचा परवाना लागतो. 2008 साली हायकोर्टाने (ऑस्ट्रेलियात तेच सर्वोच्च न्यायालय) ब्लू मड बेच्या खटल्यात निकाल दिला, तेव्हापासून अशा जमिनीवरच्या भरती-ओहोटीच्या पाण्यावरही त्यांचाच हक्क आहे. तेव्हा नकाशात पाणी दिसलं म्हणून गळ टाकला, असं तिकडे चालत नाही. परवाना मिळतो, पण अर्ज आधी करावा लागतो आणि तारखा पक्क्या लागतात. आमच्या तारखांचाच पत्ता नव्हता. शेवटी ठरलं मेरी नदीच्या पाणथळातलं कॉरोबोरी बिलबाँग. डार्विनहून गाडीने दीड तास, वेगळा परवाना नको, आणि राहायला हाऊसबोट.

11 मार्चला हाऊसबोटवाल्यांना मेल केली. उत्तर यायला सहा दिवस लागले. 25 ते 27 सप्टेंबर, दोन रात्री, चार माणसं, दोन छोट्या होड्या, निम्मे पैसे आत्ता. शुक्रवारी 26 ला मेलबर्नमध्ये फुटबॉलच्या अंतिम सामन्याची सुट्टी, म्हणजे रजा कमी पडणार. सगळे खूश. पैसे भरले.

मे महिन्यात एका रात्री दादांचा फोन आला. "अरे, तू कालनिर्णय बघितलंस का?"

घटस्थापना 22 सप्टेंबरला, दसरा 2 ऑक्टोबरला. आमची सहल भर नवरात्रात. दादांकडे घट बसतात, घरात तुळजाभवानी. वहिनी म्हणाल्या की जायचं तर जा, पण मासा मारायचा नाही आणि खायचा तर नाहीच. आमच्या घरी घट नसले तरी नऊ दिवस मासळी शिजत नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "तिकडच्या माशांना कळतं होय नवरात्र?" हा होकार होता की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही. तारीख बदलायला गेलो तर ऑक्टोबरात एकही शनिवार-रविवार शिल्लक नव्हता. शेवटी तोडगा निघाला: दादा फक्त होडी चालवणार, मिळालेले मासे आपण सोडून देणार, आणि ठेवलाच एखादा तर तो गोठवून दसऱ्यानंतर खायचा.

खरी धांदल उडाली जुलैत. खजिनदार त्याची शीट तपासत बसला होता, तेव्हा लक्षात आलं की हाऊसबोटच्या पावतीवर तारीख 25 ऑक्टोबर आहे. मार्चपासून ती पावती चौघांच्याही मेलमध्ये पडून होती आणि एकानेही नीट वाचली नव्हती. आमच्या मेलमध्ये सप्टेंबर स्पष्ट लिहिलेलं, तरी दुरुस्तीला 11 दिवस आणि पाच फोन लागले. बरं, आमच्या तारखा मधल्या काळात दुसऱ्या कुणी धरल्या नव्हत्या. विमानाची तिकिटं तोवर काढून झालेली. त्या 11 दिवसांत तांडेल आणि खजिनदार एकमेकांशी फक्त इंग्रजीत बोलत होते. पावती आली की त्याच दिवशी, मोठ्याने, तारीख-वार-महिना वाचा.

परवान्यांबद्दल माझ्या डोक्यात उगाच मोठा बागुलबुवा होता. व्हिक्टोरियात साधा गळ टाकायलाही लायसन्स लागतं, म्हणून वाटलं तिकडे सतरा कागद असतील. नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे डार्विन ज्या प्रांतात येतं तिथे, हौशी मासेमारीला लायसन्सच नाही. होडी चालवायलाही नाही. मी सरकारी कार्यालयात फोन करून दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी पलीकडच्या बाई हसल्या. मात्र नियम आहेत. बारामुंडी 55 सेंटिमीटरच्या आतली असेल तर परत पाण्यात सोडायची. किती ठेवता येतात त्याची मर्यादा आहे, आणि मेरी नदीच्या पट्ट्यात ती इतर भागापेक्षा कडक आहे. काही भाग ठरावीक महिन्यांत बंद असतात. सरकारचं 'एनटी फिशिंग मेट' नावाचं ॲप फोनमध्ये घेऊन ठेवा. बिलबाँगवर रेंज नसते, तेव्हा डार्विनमध्येच उघडून वाचा.

हाऊसबोटचा फॉर्म मात्र सात पानी होता. त्यात 'होडी चालवण्याचा अनुभव' ह्या रकान्यात दादांनी अगदी प्रामाणिकपणे 'उजनी, 1989' असं लिहिलं. कुणी काही विचारलं नाही. एक हजार डॉलरची अनामत क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, ती परत मोकळी व्हायला आम्हाला नऊ दिवस लागले. तेवढी कार्डात जागा ठेवा.

ऑगस्टमध्ये दर रविवारी सकाळी आम्ही घराजवळच्या मैदानात गळ फेकायचा सराव केला. गळ म्हणजे दोरीच्या टोकाला नुसतं शिसं बांधायचं, गरी नाही. गवतात एक बादली ठेवायची आणि वीस मीटरवरून शिसं तिच्या जवळ पाडायचं. कुत्रे फिरवणारे लोक थांबून बघायचे. एका आजींनी विचारलं, "लव्ह, एनी बाइट्स?" मला वाटतं अख्ख्या तयारीत सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच. आमच्यातले जे दोन रविवार आलेच नाहीत (मी नाव घेत नाही, पण ते मालवणचे आहेत), त्यांचा पहिला अर्धा दिवस झाडांत अडकलेलं आमिष सोडवण्यात गेला. दुसरा सराव गाठीचा. टीव्ही बघत बघत रोज दहा गाठी मारा. अंधारात, घामेजल्या बोटांनी, डास चावत असताना ती गाठ मारायची असते.

सामान फार घेऊ नका. आम्ही घेतलं. दुकानदाराने प्रत्येकी दोनशे डॉलरची आमिषं गळ्यात मारली असती, खजिनदार होता म्हणून वाचलो. पाण्यात दीड मीटर खोल जाणारे दोन लाकडी-प्लास्टिकचे मासे आणि वेलीत न अडकणारे दोन रबरी बेडूक, इतकं एकेकाला पुष्कळ झालं. रॉडसाठी हार्डवेअरच्या दुकानातून जाड पीव्हीसी पाइप कापून आणला आणि दोन्ही टोकांना झाकणं लावली. गरी असलेलं सगळं चेक-इनच्या बॅगेत टाका.

24 सप्टेंबर, बुधवार संध्याकाळ. मेलबर्नहून डार्विन साडेचार तास. घड्याळ अर्धा तास मागे. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. रात्री साडेदहाला तो उकाडा, तो दमट वास. मी काही बोललो नाही, पण तांडेल म्हणाला, "मे महिना रे, मे महिना. आपलोच."

गुरुवारी सकाळी किराणा. दोन दिवसांचं पाणी, बर्फ, तांदूळ, बटाटे, दादांसाठी भगर आणि शेंगदाणे. बिअर घ्यायला गेलो तर दुकानात प्रत्येकाचं ओळखपत्र मशीनमध्ये तपासतात. ज्यांना दारू विकायला बंदी आहे त्यांची तिकडे यादी असते. दादांनी ओळखपत्र हॉटेलवर ठेवलेलं. दादांना बिअर नकोच होती, तरी ते उगाच अपमान झाल्यासारखे बाहेर जाऊन उभे राहिले.

आर्नहेम हायवेवर हम्प्टी डू नावाचं गाव लागतं. नावावर हसून झालं. पुढे फॉग डॅम आहे, 1956 च्या सुमाराचा. ह्या सगळ्या सपाटीवर तेव्हा भातशेती करायचा मोठा बेत होता. बंधारा त्यासाठीच बांधला. प्रयोग फसला. कारणं बरीच सांगतात, त्यातलं एक म्हणजे रानटी हंसांचे थवे भातावर उतरायचे. मी गाडी थांबवायला लावली आणि पाच मिनिटं नुसता बघत उभा राहिलो. खाजणासारखीच जमीन, वर तसंच पांढुरकं आभाळ. भात गेला. आता त्याच गावात बारामुंडीची तळी आहेत, तिथला मासा ऑस्ट्रेलियाभर जातो. म्हणजे शेवटी जमिनीने आमच्या गावासारखंच केलं.

दुपारी एकला बिलबाँगवर पोचलो. माहिती देणाऱ्या माणसाने हाऊसबोट 20 मिनिटांत दाखवली आणि मगरींबद्दल 25 मिनिटं बोलला. पाण्याच्या काठापासून पाच मीटर लांब राहायचं. हात होडीबाहेर टाकायचा नाही. मासा साफ केलेली घाण पाण्यात टाकायची नाही. एकाच जागी रोज पाण्याशी वाकायचं नाही, मगर बघून ठेवते. 1971 साली ह्या खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या शिकारीवर बंदी आली, तेव्हा टेरिटरीत जेमतेम तीन हजार उरल्या होत्या. आता एक लाखाच्या आसपास आहेत. खारं पाणी हे नुसतं नाव, राहतात त्या गोड्या पाण्यातही. तो गेल्यावर आम्ही चौघंही हाऊसबोटच्या बरोबर मध्यभागी उभे होतो. नंतर सवय होते. होऊ नये, पण होते.

त्या दिवशी संध्याकाळी काहीही मिळालं नाही. एक टोचणीही नाही. पण मी तक्रार करणार नाही. पाण्यावर गुलाबी कमळं पसरलेली, पानांवरून कमळपक्षी चालत होते, वर समुद्रगरुड. तोच पांढऱ्या पोटाचा, जो आमच्या किनाऱ्यावर दिसतो. रात्री टॉर्च फिरवला की पाण्यावर लाल ठिपके, मगरींचे डोळे. मोजायला सुरुवात केली आणि 19 वर थांबलो.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला गाइड त्याची होडी घेऊन आला. अर्ध्या दिवसाचा गाइड हा आमचा सगळ्यात शहाणपणाचा खर्च, आणि तो पहिल्याच दिवशी ठेवायला हवा होता. साठीचा, अनवाणी, शब्दांचा कंजूष. आमचं फेकणं त्याने दहा मिनिटं पाहिलं. मग म्हणाला की तुम्ही आमिष फार पळवता. भुकेला मासा पळणाऱ्याच्या मागे लागतो, आळशी मासा थांबलेल्याला उचलतो, आणि हा मासा आळशी आहे. कमळाच्या पानांच्या कडेला फेकायचं, दोन झटके द्यायचे आणि थांबायचं. 'थांबायचं' म्हणजे त्याच्या मते मनात पाच आकडे. आम्ही दोनलाच ओढायचो. दुसरं: मासा पाण्याबाहेर उडाला की रॉड वर नाही, खाली. दोर सैल पडला तर तो डोकं झाडून गरी फेकून देतो. माझे सगळे पाहिलेले व्हिडिओ आणि वाचलेले लेख ह्या दोन वाक्यांत मावले.

आठ वाजता मी थर्मासमधला चहा ओतून घेत होतो. रॉड क्षणभर दादांच्या हातात दिला होता. "दादा, नुसतं धरा हो." आणि पानांच्या कडेला आवाज झाला. 'भॉक'. पोकळ मडक्यावर थाप मारावी तसा. बारामुंडी तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढते, त्याचा हा आवाज. दादा उठून उभे राहिले, होडी डुलली, चहा माझ्या मांडीवर. मासा एकदा उडाला, चांगला हातभर. दादा ओरडत होते, "अरे घे, घे, मला नको, नवरात्र आहे!" गाइडला ह्यातलं काय कळलं देव जाणे, तो लांब दांड्याचं जाळं घेऊन वाकला. मासा होडीपासून तीन मीटरवर असताना पाणी फुगलं. आवाज नाही, खळबळ नाही. एक रुंद, चिखलाच्या रंगाचं डोकं वर आलं, मिटलं आणि खाली गेलं. रील काही सेकंद किंचाळलं. मग दोर सैल.

कुणीच काही बोलेना. गाइडने दोर गुंडाळला, तुटकं टोक बोटांत धरून बघितलं आणि म्हणाला, "कर भरावा लागतो." दादांनी रॉड माझ्या हातात परत दिला. त्यांचे हात थरथरत होते. दुपारी जेवताना ते हळूच म्हणाले, "देवीनं सोडवलं बघ मला." गाइडने जाण्याआधी तांडेलाला 71 सेंटिमीटरचा एक काढायला लावला, तो ठेवला, खजिनदाराला 48 आणि 52 चे दोन मिळाले, दोन्ही सोडले. खजिनदाराने मोजपट्टीचे फोटो काढलेत, शीटमध्ये जोडलेत. मला काही नाही.

दुपारी अकरा ते चार बाहेर पडू नका. 36 अंशांत होडीचा पत्रा तवा होतो. आम्ही झोपलो.

संध्याकाळी मी आणि दादा छोट्या होडीत निघालो, दादा इंजिनवर. केवड्यासारख्या पांडानसच्या झाडांचा एक घोळका पाण्यात झुकला होता, तिथे. सकाळची मगर डोक्यातून जात नव्हती, त्यामुळे मी प्रत्येक वेळी थोडं आखूड फेकत होतो. दादांनी दोनदा बघितलं, मग म्हणाले, "पुढं टाक की. तळ्यावर काय तू बांधावरून फेकायचास?" पुढे टाकलं. दोन झटके. थांबलो. एक, दोन, तीन. चारला रॉडचं टोक गेलं.

पुढची चार-पाच मिनिटं मला सलग आठवत नाहीत. रॉड खाली, हे मात्र आठवलं. तो दोनदा उडाला आणि दोन्ही वेळा मी पाण्यात नाक घालावं तसा रॉड खाली घातला. दादांनी जाळं सारलं ते उलट्या बाजूने, तरी मासा आत आला. मला पूर्ण वेळ फक्त आजूबाजूचं पाणी दिसत होतं.

होडीच्या तळाशी ओलं फडकं टाकून त्याला ठेवलं. 63 सेंटिमीटर. समुद्रातली बारामुंडी रुपेरी असते, हा बिलबाँगचा, त्यामुळे पाठ काळपट आणि अंग जुन्या पितळेच्या घंगाळासारखं. कपाळ खोलगट, खालचा जबडा पुढे आलेला, शेपूट हातपंख्यासारखी गोल. डोळ्यात उतरतं ऊन पडलं आणि तो निखाऱ्यासारखा लाल झाला. कल्ल्याच्या झाकणाची कड पात्याची असते हे वाचलं होतं, तरी बोट घातलंच. कापलं. ह्या आकाराचा म्हणजे नर. हे मासे जन्मतात नर आणि चांगले मोठे झाले की मादी होतात. वीण घालायला खाऱ्या पाण्यातच जावं लागतं, म्हणजे ह्याला अजून एखादा मोठा पूर गाठून समुद्राकडे जायचं होतं. हे सगळं मला माहीत होतं, आणि ठरल्याप्रमाणे सोडायचंही होतं. मी दादांकडे बघितलं.

दादा म्हणाले, "माझ्याकडं बघू नको."

मी तो ठेवला. त्याबद्दल मला अजून पूर्ण बरं वाटत नाही आणि पूर्ण वाईटही वाटत नाही.

साफ करणं हा वेगळाच डोंगर. आमच्याकडे सुऱ्या होत्या, हात नव्हता. शेजारच्या हाऊसबोटीवरचा एक म्हातारा आमची खुडबूड पाहून आपली पातळ सुरी घेऊन आला आणि दोन्ही माशांचे तुकडे पाच मिनिटांत काटे-कातडीवेगळे करून दिले. उरलेलं सगळं दुहेरी पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये, दुसऱ्या दिवशी धक्क्यावरच्या कचऱ्यात. नऊवारी निऱ्यांसारखे नीट लावलेले तुकडे पिशव्यांत भरले. जेवायला दादांची भगर आणि शेंगदाण्याची आमटी. सगळ्यांनी तेच खाल्लं, कुणी न सांगता.

शनिवारी सकाळी हाऊसबोट परत केली. तो माणूस घाईत होता, दुपारी अंतिम सामना होता. रविवारी लिचफिल्ड राष्ट्रीय उद्यानात जाऊन धबधब्याखाली पोहलो. तिथे बाहेरच्या पर्यटकांना पार्क पास लागतो, दिवसाचे दहा डॉलर, ऑनलाइन दोन मिनिटांत. तीन दिवस पाण्याला घाबरून राहिल्यावर कोरड्या ऋतूत तपासून उघडलेल्या त्या स्वच्छ पाण्यात मान बुडेपर्यंत उतरणं ह्याचं सुख मी लिहू शकणार नाही. तरीही दादा शेवटपर्यंत पायरीवर बसून होते. रात्रीचं विमान. गोठलेले मासे टॉवेलमध्ये गुंडाळून, गळणार नाही अशा डब्यात, चेक-इनमध्ये आले.

खर्च माणशी असा: विमान 486, हाऊसबोट 540, गाइड 210, गाडी आणि पेट्रोल 128, किराणा 95, सामान 160, डार्विनच्या दोन रात्री 150, पार्क पास 10. एकूण 1,779 डॉलर. खजिनदाराने चौघांची बेरीज करून तिला आणलेल्या तीन किलो माशाने भागलं आणि आकडा ग्रुपवर टाकला. तो इथे देत नाही, बायको वाचते.

एक राहिलं. टेरिटरीत दरवर्षी काही बारामुंडींना बिल्ले लावून सोडतात आणि त्यातल्या काहींवर दहा लाख डॉलरचं बक्षीस असतं. 2015 पासून ते कुणाला लागलंच नव्हतं, मार्च 2024 मध्ये कॅथरिनच्या एका 19 वर्षांच्या पोराला लागलं. ती स्पर्धा ऑक्टोबरात सुरू होते. आम्ही तीन दिवस आधी परतलो. तांडेल अजून ह्यावर बोलतो.

मासा खायला मुहूर्त मिळेना. गुरुवारी दसरा. शुक्रवारी एकादशी. शनिवार दादांचा मारुतीचा. शेवटी रविवार 5 ऑक्टोबर उजाडला, त्याच दिवशी इथली घड्याळं तासभर पुढे गेली, त्यामुळे आईला फोन करायची वेळ चुकली आणि ती देवपूजेत सापडली. तुकडे अर्धा तास मीठ-लिंबाच्या पाण्यात ठेवले होते, कारण बिलबाँगच्या माशाला चिखलाचा वास येतो असं सगळे सांगतात. येतो. थोडासा. आगळ, लसूण, आमच्या घरचा मसाला, आणि तरी मागून तो वास. चौघंही गप्प खात होतो. वहिनींनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आईला व्हिडिओवर ताट दाखवलं. म्हटलं, जरा मातकट लागतोय गं.

"तळ्यातला तसाच लागतो," ती म्हणाली. मग फोन जवळ घेऊन ताट बारकाईने बघितलं. "डोकं कुणाला वाढलंस?"